खाते गोठले तर काय करावे?



पैसे काढायला गेल्यावर ‘तुमचे खाते गोठवले आहे’ असे बँकेत ऐकले की माणूस हबकतो. किराणा आणायचा असतो, मुलांची फी भरायची असते. त्याहून जड वाटते ती लाज. म्हणून आपल्यापैकी काही जण घरच्यांनाही न सांगता जास्त व्याजाने दुसरे कर्ज काढतात आणि अधिकच खोलात जातात. हे टाळण्यासाठी काही गोष्टी आपण नीट समजून घेऊ.

खाते कोण गोठवू शकते?

१) स्वतः बँक. त्याच बँकेचे कर्ज थकले असेल, तर भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १७१ नुसार ती आपली रक्कम अडवून धरू शकते.

२) न्यायालय. सावकाराने किंवा संस्थेने आपल्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ खाली खात्यावर जप्ती येते.

३) पतपेढी. सहकार निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळाल्यावर तिचा वसुली अधिकारी जप्ती आणू शकतो.

कर्ज आपले नसले तरी हे घडू शकते. ‘नुसती सही तर करायची’ म्हणून आपण भावाला, मित्राला जामीन राहतो. पण कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, असे त्याला सहसा म्हणता येत नाही.

कशाला हात लावता येत नाही?

संहितेच्या कलम ६० ने काही रक्कम राखून ठेवली आहे. सरकारी निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर जप्ती येत नाही. निवृत्तिवेतन व उपदान बँकेत ठेव म्हणून ठेवले तरी हे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे २२,००० रुपये पगार असेल, तर जास्तीत जास्त ७,००० रुपये जप्त होतील. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र नियम वेगळा आहे. हे संरक्षण आपण पासबुकातील नोंदी दाखवून न्यायालयाकडे लेखी मागावे. खाते संयुक्त असेल, तर ज्याचे कर्ज नाही त्याने आपला पैसा कोणता ते पुराव्यासह मांडावे.

मग करायचे काय?

प्रथम शाखेत जाऊन लेखी विचारावे: आदेश कोणाचा, प्रकरण क्रमांक काय, रक्कम किती? आदेश ठरावीक रकमेचा असेल, तर त्यापुढील पैसे मोकळे करण्याची विनंती करावी.

आपण आधी दिलेले धनादेश आठवावेत. ते परत गेले तर ज्याला दिले त्याला लगेच कळवावे. त्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी खटला होऊ शकतो.

नंतर कर्ज देणाऱ्याशी बोलावे. झेपतील तेवढेच हप्ते मागावेत. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती अंतिम असते आणि तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. तडजोड तोंडी ठेवू नये. पैसे फेडल्यावर ‘येणे बाकी नाही’ असा दाखला आणि जप्ती उठवल्याचे पत्र घेऊन ते शाखेत द्यावे.

वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत मदत मिळते. बँकेनेच चूक केली असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. न्यायालयाचा आदेश मात्र लोकपाल बदलू शकत नाही.

‘खाते सोडवून देतो’ म्हणून फोनवर ओटीपी किंवा पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

घरी बसून विचार करू या

• आपण कोणाकोणाला जामीन आहोत, हे घरच्यांना माहीत आहे का?
• आलेली नोटीस आपण उघडून वाचतो की कपाटात ठेवतो?
• शेजारच्या घरावर अशी वेळ आली, तर आपण चर्चा करू की त्यांच्यासोबत बँकेत जाऊ?