सोनार घुमट बांधतो

इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे शहर आहे. तिथे १३७७ साली फिलिप्पो ब्रुनेलेस्की जन्मला. बाप कागदपत्रे लिहिण्याचे काम करी. मुलानेही लेखणी धरावी असे त्याला वाटे. पण पोराचा जीव हातकामात. शेवटी बापाने त्याला सोनाराच्या हाताखाली ठेवले.

मूस, भट्टी, ओतकाम, नक्षी सारे तो शिकला. १४०१ साली शहरात एक स्पर्धा निघाली. मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्याच्या इमारतीला कांस्याचे दरवाजे करायचे होते. सात कारागिरांनी नमुन्याची एकेक पाटी करून दिली. ब्रुनेलेस्कीची पाटी अनेक तुकडे जोडून केलेली होती. लोरेन्झो घिबेर्ती या दुसऱ्या सोनाराने आपली पाटी कमी धातूत आणि जवळजवळ एकसंध ओतली. काम घिबेर्तीला मिळाले. त्या दोन्ही पाट्या अजून तिथल्या संग्रहालयात आहेत. आम्हाला विचाराल, तर कोणती सरस हे सांगणे सोपे नाही.

हरलेला ब्रुनेलेस्की रोमला गेला. सोबत दोनातेल्लो हा मूर्तिकार मित्र होता. रोममध्ये हजार वर्षांहून जुन्या इमारतींचे पडके अवशेष होते. हे दोघे पाया उकरीत, भिंती मोजीत. लोकांना वाटे, गुप्तधन शोधताहेत!

इकडे फ्लॉरेन्समध्ये एक अडचण होती. १२९६ साली सुरू केलेल्या मोठ्या चर्चचा घुमट राहिला होता. भोक सुमारे ४२ मीटर रुंद, तेही ५० मीटरांहून उंचावर. विजापूरचा गोल घुमट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आतून तो सुमारे ३८ मीटर आहे. साधी कमान बांधायची तरी गवंडी खाली लाकडी सेंटरिंग लावतो. इतक्या उंच सेंटरिंगला लाकूड आणायचे कुठून?

१४१८ साली पुन्हा स्पर्धा झाली. ब्रुनेलेस्कीने सेंटरिंगशिवाय विटांचा छोटा घुमट बांधून दाखवला. पंचांचा धीर होईना. सांगतात, की एकदा त्याला सभेतून उचलून बाहेर घातले. अखेर १४२० साली काम सुरू झाले. पण जोडीला नेमला तो घिबेर्ती! पगार दोघांना सारखाच.

आता घुमट कसा उभा राहिला ते पाहू. ओल्या चुन्यात तिरपी ठेवलेली वीट घसरणारच. म्हणून त्याने आडव्या विटांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्या. त्या पाचरीसारख्या बसल्या आणि चुना आळेपर्यंत आडव्या विटांना धरून राहिल्या. घुमट बाहेर फाकू नये म्हणून दगडांची कडी लोखंडाने जोडून आत गुंफली. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, तसेच हे. घुमट दुहेरी आहे. आतला जाड, बाहेरचा पातळ, मधून जिना.

माल वर चढवायला बैलांचे यंत्र केले. मोटेचे बैल विहिरीकडे उलट पावली येत. इथे तसे नव्हते. बैल एकाच दिशेने गोल फिरत, आणि नुसते चाक बदलले की चढणारा दोर उतरू लागे. जू सोडायला नको.

एकदा ब्रुनेलेस्की आजारी म्हणून घरी पडून राहिला, असे जुन्या चरित्रांत आहे. एकट्या घिबेर्तीला काम पुढे नेता येईना. खरेखोटे असो, पुढे ब्रुनेलेस्कीचा पगार वाढला, घिबेर्तीचा तेवढाच राहिला.

तरी कागदोपत्री तो सोनारच. गवंड्यांच्या संघाची वर्गणी भरली नाही म्हणून १४३४ साली संघाने त्याला कैदेत टाकवले. घुमट बांधायला माणूस हवा होता, तेव्हा चर्चच्या कारभाऱ्यांनी त्याला सोडवून आणले.

१४३६ साली घुमट मिटला. त्यावरची दगडी मेघडंबरी मात्र त्याला पुरी झालेली दिसली नाही. तिचे काम नुकतेच सुरू झाले होते, तेवढ्यात १४४६ साली तो वारला. त्याला त्याच चर्चमध्ये पुरले. ती जागा पुढे विसरली गेली आणि १९७२ साली खोदकामात सापडली.