वाद मिटेपर्यंत पैसे कुणाचे अडकतात?

ऑनलाइन खरेदीसाठी कोणतं कार्ड चांगलं, असं विचारलं की बहुतेक जण कॅशबॅक आणि पॉइंट सांगतात. मी मात्र आधी एकच विचारते: उद्या व्यवहारावरून वाद झाला, तर निकाल लागेपर्यंत पैसे कुणाचे अडकणार? आमच्या घरात एका दिवाळीला जे घडलं, त्यानंतर मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

सांगलीतल्या आमच्या पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड मी वापरत असे. त्यावर परदेशी व्यवहारांची सोय चालू होती, कारण मुलीच्या परदेशी विद्यापीठांच्या अर्जांची फी डॉलरमध्ये भरायची होती. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका पहाटे उठले तर मोबाइलवर पैसे गेल्याचे एसएमएस ओळीने आलेले. खरेदी डॉलरमध्ये, दुकानदार कुठल्या तरी परदेशातला. ओटीपी आला नव्हता, कुणाचा फोन आला नव्हता, कार्ड माझ्या पर्समध्येच होतं.

ओटीपीशिवाय पैसे जातातच कसे, हे मला त्या दिवशी कळलं. इंटरनेटवरच्या कार्ड-व्यवहाराला दुसरी खात्री लागतेच, हा रिझर्व्ह बँकेचा २००९ पासूनचा नियम देशातल्या व्यवहारांना लागू होता. परदेशातले कित्येक दुकानदार कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर पैसे उचलू शकत. म्हणून २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन वापर मुळात बंदच येतो. आपण चालू करू तेव्हाच तो चालू होतो. बँकेच्या ॲपमध्ये त्यासाठी बटण असतं. गरज संपली की त्याच दिवशी ते बंद करा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

मी आधी ॲपमधून कार्ड बंद केलं, मग हेल्पलाइनला फोन करून तक्रारीचा नंबर घेतला, आणि शाखा उघडताच लेखी अर्ज देऊन त्यावर पोच घेतली. या तत्परतेचा फार उपयोग झाला. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत संदेश आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपये आपल्या माथी येऊ शकतात. त्याहून उशीर झाला तर बँकेचं धोरण लागू होतं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच असते. हे मला आधी माहीत असतं तर काउंटरवर इतकं गयावया करावं लागलं नसतं.

पण खरा फटका पुढे बसला. नियमाप्रमाणे बँकेने ती रक्कम १० कामाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची असते. मध्ये दुसरा शनिवार, रविवार, लक्ष्मीपूजन, पाडवा. कामाचे दहा दिवस कॅलेंडरवर बघता बघता लांबले. तेवढ्यात घरकर्जाचा हप्ता खात्यावर आला आणि पैसे नाहीत म्हणून परत गेला. हप्ता परतल्याचा दंड बँकेने लावला, उशिराचा दंड कर्जवाल्यांनी. चोरीला गेलेली रक्कम पुढे पूर्ण परत मिळाली. तोवर मात्र दिवाळीचं सामान आणि मुलीची फी यांसाठी दिराकडून उसने घ्यावे लागले. दोन्ही दंडही लेखी मागितले तेव्हाच माफ झाले; परिपत्रकात परत गेलेल्या हप्त्याची सोय कुठेच नव्हती. म्हणून खात्यावरून हप्ता जात असेल तर पहिल्या तक्रारीतच त्याची तारीख लिहा, आणि कर्ज देणाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवा.

पुढे पुण्यात माझ्या नणंदेच्या क्रेडिट कार्डावर अशीच चोरी झाली. तिनेही तासाभरात कळवलं, कार्ड बंद झालं, वादातली रक्कम बिलात बाजूला ठेवली गेली. तिच्या बचत खात्यातला एक रुपयाही हलला नाही. चोर तसाच, नियमही तेच. पण तिच्या वादात अडकले ते बँकेचे पैसे, आणि आमच्या वादात आमचे. ऑनलाइन खरेदीला मी क्रेडिट कार्ड सुचवते ते एवढ्याच कारणासाठी.

मात्र ज्याला पूर्ण बिल वेळेत भरता येत नाही, त्याने ते घेऊ नये, असं मी अगदी ठामपणे सांगते. बिलावर ‘किमान देय’ म्हणून छोटी रक्कम छापलेली असते. तेवढी भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे जातं, आणि वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. शिवाय थकबाकी असताना नवी खरेदी केली तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, अगदी किराणा घेतला तरी त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. कार्ड हातात आलं की खात्यातून आपोआप बिल भरण्याची सूचना देऊन ठेवा, आणि त्यात ‘पूर्ण देय’ निवडलंय ना, हे स्वतः तपासा. मर्यादाही बँक देईल तेवढी घेऊ नका. महिन्याच्या खर्चाला पुरेल एवढीच मागा. पगार नाही म्हणून कार्ड मिळत नसेल, तर मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळतं. गृहिणी आणि निवृत्त माणसांसाठी मला तो मार्ग फार चांगला वाटतो.

चार्ज कार्डाबद्दल थोडक्यात. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबने ज्या प्रकारचं कार्ड आणलं, तो हा प्रकार: महिन्याचं सगळं बिल एकदम भरायचं, पुढे ढकलायचं नाही. शिस्तीच्या दृष्टीने हे उत्तम आहे. पण आपल्याकडे ते देणारे मोजकेच, वार्षिक शुल्क बहुधा जबर, आणि ठरावीक मर्यादा नसते याचा अर्थ कितीही खर्च मंजूर होईल असा नाही. कामानिमित्त सतत प्रवास करणाऱ्यांनी विचार करावा. साध्या संसाराला त्याची गरज नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांनी एक फरक जरूर लक्षात ठेवावा. तिथल्या १९७४ च्या कायद्याचं कलम ७५ शंभर पौंडांहून महाग ते तीस हजार पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीलाही विक्रेत्याइतकंच जबाबदार धरतं, पण ते संरक्षण क्रेडिट कार्डाला आहे. चार्ज आणि डेबिट कार्डाला नाही.

ज्यांना डेबिट कार्डच वापरायचं आहे, त्यांनी पगाराच्या किंवा पेन्शनच्या खात्याचं वापरू नये. वेगळं बचत खातं उघडा आणि लागतील तेवढेच पैसे त्यात टाका. त्या खात्याला ‘ऑटो स्वीप’ नको, ही गोष्ट फार कमी लोक बघतात. स्वीप असेल तर शिल्लक संपताच जोडलेली मुदत ठेव आपोआप मोडते, आणि चोराचा हात थेट ठेवीपर्यंत पोचतो. माझ्या वडिलांच्या खात्याला असा स्वीप होता. त्यांचं कार्ड आम्ही एटीएमपुरतंच ठेवलं.

वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर तो वाद वेगळा. व्यवहार आपणच केलेला असतो, म्हणून २०१७ चं परिपत्रक तिथे कामाला येत नाही. बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागावा लागतो, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत आणून द्या, असं सांगावं लागतं. तो डेबिट कार्डावरही मागता येतो. ऑर्डरचा नंबर, वस्तूचं वर्णन दाखवणारा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याला लिहिलेला मेल जपून ठेवा. विक्रेता ‘आज देतो, उद्या देतो’ म्हणत चार्जबॅक मागायची मुदत उलटवतो, तेव्हा त्याच्या शब्दावर महिने घालवू नका. क्रेडिट कार्डाच्या बिलात वाद नसलेली रक्कम मात्र वेळेवर भरत राहा.

ओटीपी आपणच सांगितला, तर कोणतंही कार्ड वाचवत नाही. बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच धरलं जातं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेपोटी गप्प बसू नका. बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, रात्र असली तरी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. बँकेला दिलेल्या लेखी तक्रारीची पोच मात्र तिथे जोडावी लागते.