डिकन्सचे सहा आठवडे

जून उजाडला की संपादकांचे फोन येऊ लागतात. कथा ऑगस्टअखेर हवी, दिवाळीचा फराळ आणि अंक एकदमच घरात यायला हवेत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक डोळ्यांसमोर ठेवून. आणि नाताळ अंकांची ती प्रथा रुजवण्यात मोठा वाटा चार्ल्स डिकन्सचा. त्यामुळे ‘द मॅन हू इन्व्हेंटेड ख्रिसमस’ हा २०१७चा सिनेमा मला अगदी घरचा वाटतो. दिग्दर्शक भरत नल्लुरी, जन्म गुंटूरचा. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ कशी लिहिली गेली, एवढीच गोष्ट. दिवाळीची कथा अडली की मी तो पुन्हा लावते. त्यातून आणि स्वतःच्या लिहिण्यातून जे उमगलं, ते हे.

१. मुदतीला घाबरू नये. १८४३च्या ऑक्टोबरात डिकन्स एकतीस वर्षांचा होता. ‘मार्टिन चझलविट’ ही क्रमशः येणारी कादंबरी अपेक्षेइतकी खपत नव्हती. घरात चार मुलं, पाचवं वाटेवर, वडिलांची देणी आहेतच. सहा आठवड्यांत त्याने पुस्तक पुरं केलं आणि १९ डिसेंबरला ते दुकानात आलं. ही घाई सिनेमात छान दिसते. पण नुसत्या घाईने कुणाला गोष्ट सुचत नाही. ती आधीपासून आत साठलेली असावी लागते.

२. राग आला तर लगेच लेख लिहू नये. त्या वर्षी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांबद्दलचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स हादरला होता. गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढायचं त्याने ठरवलं. मग ते बाजूला ठेवलं, कारण याहून कितीतरी पट जोराचा घाव घालता येईल असं त्याला वाटू लागलं. सप्टेंबरात तो फील्ड लेनमधल्या गरीब मुलांच्या शाळेत जाऊन आला, ऑक्टोबरात मँचेस्टरला शिक्षणावर बोलला, आणि त्यानंतर ‘कॅरल’चा नायक, कंजूष म्हातारा स्क्रूज जन्मला. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर मला लेखच लिहायचा होता. आकडे जमवले होते. पण एका कोपीत शिरले तर पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून शाळेची पाटी ठेवलेली. पाटीवर अर्धवट पुसलेला तीनचा पाढा. पाटीची मालकीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी, आईबाप फडात. लेख तिथेच संपला आणि कथा सुरू झाली.

३. पात्राचं नाव सापडेपर्यंत दम धरावा. सिनेमात नाव नेमकं सापडतं आणि खोलीत क्रिस्टोफर प्लमरचा स्क्रूज येऊन उभा राहतो, मालकालाच दरडावू लागतो. हे सिनेमापुरतं नाही. लिहितालिहिता बाबा उठून आरशासमोर जायचे, चेहरे करून बघायचे आणि परत येऊन भराभर लिहायचे, अशी आठवण डिकन्सच्या मुलीने, मेमीने, नोंदवून ठेवली आहे.

४. जे कुणाला सांगितलेलं नसतं, गोष्ट तिथेच असते. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १८२४ साली कर्ज फेडता न आल्याने डिकन्सचे वडील मार्शलसीच्या तुरुंगात गेले. बारा वर्षांचा चार्ल्स तेव्हा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला होता. डब्यांवर कागद घालायचा, दोरीने बांधायचा, कडा कातरायच्या, लेबल चिकटवायचं, दिवसभर हेच. वडील सुटून आल्यावरही आईचं म्हणणं होतं की मुलाने कामावर जावं. ते तो कधीच विसरला नाही. ही हकिगत त्याने जिवलग मित्र जॉन फॉर्स्टरला सांगितली, आणि जगाला ती कळली ती डिकन्स गेल्यावर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. सिनेमात डिकन्स शेवटी रात्री त्या ओसाड कारखान्यात जातो आणि स्क्रूज तिथे त्याला गाठतो. प्रसंग कल्पित आहे, पण मला तो पूर्ण पटतो. कंजूष म्हातारा आणि लेबलं चिकटवणारा पोरगा हे एकाच माणसाच्या पोटातले. पैशाची धास्ती काय असते हे डिकन्सला आतून ठाऊक होतं. म्हणून तर स्क्रूज नुसता खलनायक होत नाही. जोनाथन प्राइसने केलेले वडीलही असेच, उधळे आणि तरी हवेहवेसे. त्यांना माफ केल्याशिवाय कथेचा शेवट सुचत नाही, ही या सिनेमातली सर्वांत सुंदर गोष्ट.

५. लिहिलेलं एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवावं. सिनेमात तारा नावाची आयरिश मोलकरीण हट्ट धरते, ‘कॅरल’मधला आजारी पोरगा, छोटा टिम, मरता कामा नये. तारा काल्पनिक आहे. मात्र डिकन्सच्या हस्तलिखितात टिम जगल्याचं ते वाक्य खरोखरच नाही, ते नंतर घातलं गेलं. मी माझ्या आत्याला वाचून दाखवते. ती सातवी शिकलेली आहे, ऐकताना गवार मोडत असते. पाटीवाल्या मुलीची कथा संपली तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, “अगं, पण पोरीचं पुढं काय झालं?” शेवटची दोन पानं मी त्या प्रश्नासाठी लिहिली.

६. मानधनाचा हिशोब लिहून झाल्यावर करावा. डिकन्सने छपाईचा खर्च स्वतः केला, सोनेरी कडा हव्यात, जॉन लीचची रंगीत चित्रं हवीत म्हणाला, आणि किंमत ठेवली पाच शिलिंग. सहा हजार प्रती नाताळाआधी संपल्या. हजार पौंडांची आशा होती, पहिल्या आवृत्तीतून हाती आले २३०. चोरून छापणाऱ्यांवर खटला जिंकला, पण त्यांनी दिवाळं काढलं आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च याच्याच गळ्यात आला.

७. पुस्तक बाजारात आलं म्हणजे काम संपत नाही. सिनेमा १८४३च्या नाताळात थांबतो. दहा वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये डिकन्सने ‘कॅरल’ची जाहीर वाचनं केली. त्यातलं एक वाचन फक्त कामगारांसाठी ठेवावं असा त्याचा आग्रह होता. तिकीट सहा पेनी. ३० डिसेंबरला ते झालं, आणि सभागृह कामगारांनी भरून गेलं. त्या संध्याकाळवर कुणीतरी सिनेमा काढावा, असं मला फार वाटतं.