हाय-हॅट बसकी वाजते? आधी पाचशे रुपये, मग पन्नास हजार

हाय-हॅटचा आवाज बसका येतोय म्हणून नवी जोडी घ्यायला निघाला असाल, तर थांबा. बहुतेक वेळा दोष थाळ्यांत नसतो, स्टँडवरच्या फेल्टमध्ये आणि स्क्रूमध्ये असतो. तिथला खर्च पाचशेच्या आतबाहेर. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही.

सुरुवात क्लचपासून करा. वरची थाळी रॉडवर धरून ठेवणारा हा नळीसारखा भाग. थाळीच्या वर एक फेल्ट, खाली एक फेल्ट, तळाशी एक नट. तळाचा नट पूर्ण आवळायचा, नाहीतर ऐन हळदीच्या गाण्यात तो गळून पडतो आणि वरची थाळी खालच्या थाळीवर बसून राहते. थाळी किती सैल हवी, ते वरच्या फेल्टवर बसणाऱ्या नटांनी ठरवायचं. कडेला बोट लावून ढकलून बघा: थाळी किंचित डुलली पाहिजे, खडखडता कामा नये. गच्च आवळलेली थाळी गळा दाबल्यासारखीच वाजणार. फेल्ट चपटे, कडक किंवा पावसात ओले होऊन बसलेले असतील तर बदला. शंभर-दोनशे रुपयांचं काम. क्लचचे आटे गेले असतील तर नवा क्लच साधारण तीनशे ते आठशे.

दुसरी गोष्ट, पायाने मारलेला ‘चिक’. तो ‘फुस्स’ येत असेल तर दोन थाळ्यांमध्ये हवा कोंडते आहे. खालची थाळी ज्या बैठकीवर ठेवता, तिच्या खाली एक छोटा स्क्रू असतो. तो अर्धा-एक फेरा फिरवा, खालची थाळी जराशी कलेल, हवेला वाट मिळेल. काही कंपन्या याचसाठी खालच्या थाळीला भोकं पाडतात किंवा तिची कड नागमोडी ठेवतात. तेवढ्यासाठी पैसे मोजायची गरज नाही, स्क्रू फुकट आहे. तुमच्या स्वस्त स्टँडला तो स्क्रूच नसेल, तर बैठकीच्या वॉशरखाली एका बाजूला पुठ्ठ्याची घडी सरकवा. दिसायला गावठी, पण चालतं. थाळ्यांमधलं अंतर इंचभर ठेवा. दीड इंचाच्या पुढे गेलात तर पायाला उगाच मेहनत.

तिसरा प्रयोगही फुकटचा. जोडीत सहसा हलकी थाळी वर आणि जड खाली असते. उलट करून ऐका. जड थाळी वर आली की काठीचा आवाज चढा आणि टोकदार येतो, नाजूक वाजवणं मात्र थोडं अवघड होतं. बँजो पथकात, ताशाच्या शेजारी उभं राहून वाजवायचं असेल तर हा सौदा परवडतो.

मग काठी. नायलॉनच्या टोकाची काठी लाकडी टोकापेक्षा लखलखीत बोलते. जोडी साधारण चारशेपासून. वाजवताना काठीचं टोक वरच्या सपाटीवर पडू द्या. काठीचा जाड भाग कडेवर आपटला की आवाज मोठा होतो, स्वच्छ होत नाही.

साफसफाई कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं, इतकीच. लगेच कोरडी करा. चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, तारेची घासणी, यातलं काहीही नको. थाळी देव्हाऱ्यातल्या समईसारखी चमकेल, पण छापलेलं नाव आणि वरचा लेप जाईल, आणि विकायला काढलीत की गिऱ्हाईक भाव पाडेल. आवाजात पडणारा फरक थोडाच. मळ निघेल, थाळी बदलणार नाही.

पथकात थाळ्यांऐवजी ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॅड असेल तर वरचं सगळं विसरा. टोन बदला, आणि स्पीकरचा ट्वीटर जळला नाही ना, ते बघा. तो जळला तर कुठलीच हाय-हॅट स्पष्ट ऐकू येणार नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तरच खरेदी. साध्या पितळी जोडीला अंदाजे दोन ते चार हजार. ती वाजते, पण भांडं वाजल्यासारखी. त्याच्या वरच्या पायरीवर बी-आठ कांस्य, म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. आवाज चढा, धारदार, किंमत साधारण दहा ते वीस हजार. बी-वीसमध्ये कथील २० टक्के. आवाज भरीव आणि चमकदार, जोडी सहसा चाळीस हजारांच्या पुढे. भाव हलतात, म्हणून दोन ठिकाणी विचारा. टणत्कार हवा असेल तर १४ इंची ऐवजी १३ इंची जोडीही ऐकून बघा. हळदी-वरातीसाठी बी-आठ पुरेशी आहे, असं माझं मत.

हात लावून ऐकायचं तर मुंबई गाठा. आंबिवलीजवळच्या मोहन्यातून निघालात तर आंबिवली स्टेशन, तिथून सीएसएमटीला जाणारी लोकल, पुढे चालत धोबीतलाव. जेर महाल इमारतीतलं फुर्टाडोस हे वाद्यांचं दुकान तिथेच. निघण्याआधी फोन करून जोडी शिल्लक आहे का विचारा, आणि रविवारी मेगाब्लॉक बघा. दिवस मोडतो, हे धरून चाला. स्वतःच्या काठ्या न्या. दुकानातली काठी वेगळी असेल तर ऐकलेला आवाजही वेगळा.

विचारायचे प्रश्न: किंमत जोडीची की एका थाळीची? ऑनलाइन कधीकधी वरची किंवा खालची एकटीच विकायला असते, आणि भाव बघून तुम्ही खूश होता. करासह की कर वेगळा? घरपोच आणण्याचे किती? काठीचा डाग पडल्यावर परत घेणार का? वॉरंटीत कडेची चीर येते का? पक्क्या बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या, त्याशिवाय वॉरंटीचं बोलणं पुढे सरकत नाही.

जुनी जोडी घेत असाल तर थाळी मधल्या भोकातून बोटावर लटकवा आणि कडेने हलक्या हाताने काठी फिरवत ऐका. एका जागी आवाज भसाडा झाला की तिथे नख फिरवा, चीर सापडेल. मधलं भोक लांबट झालं असेल तर ती थाळी धातूवर घासली गेली आहे, भाव पाडा. चीर ‘वेल्डिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला नाही सांगा. उष्णतेने कांस्याचा ताव बिघडतो, आणि शे-दोनशेत पूर्ण थाळी जाते.

घरी आणताना दोन्ही थाळ्यांमध्ये जाड कापड घाला. तेच कापड रात्री सरावाला थाळ्यांमध्ये ठेवा: ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही, आणि चाळीत भिंतीपलीकडचे शेजारी दहाची वाट बघत बसत नाहीत.