दुकान इंटरनेटवर, गिऱ्हाईक सूर्यमाळला : संकेतस्थळाच्या गतीवर देखरेख कशी बसवावी?

दुकानात गिऱ्हाईक ताटकळले तर मालकाला ते डोळ्यांनी दिसते. तो नोकराला हाक मारतो, गिऱ्हाइकाला पाणी विचारतो. संकेतस्थळावर ताटकळलेले गिऱ्हाईक मात्र मुकाट्याने निघून जाते आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ऐन ईद-दिवाळीच्या हंगामात ऑर्डरी घटल्या की दुकानदार म्हणतो, बाजार मंदा आहे. प्रोग्रामर म्हणतो, मोठा सर्व्हर घ्या. माप मात्र दोघांजवळही नसते. हे माप कसे मिळवावे, त्याची माहिती व्यापारी व कारागीर बांधवांसाठी येथे देत आहोत.

हे माप म्हणजे काय?

याला इंग्रजीत ॲप्लिकेशन परफॉर्मन्स मॉनिटरिंग, थोडक्यात एपीएम म्हणतात. प्रत्येक पान तयार होताना वेळ नेमका कोठे गेला, याची ही रोजमेळाची वही होय. ल्यू सर्न यांनी १९९८ साली वायली ही कंपनी काढून या धंद्याचा पाया घातला आणि २००८ साली न्यू रेलिक सुरू केली. त्याच २००८ साली अजमेरचे ज्योती बन्सल यांनी ॲपडायनॅमिक्स स्थापन केली. मोठ्या कंपन्यांची ही साधने आता लहान दुकानालाही मोफत मिळू लागली आहेत.

उदाहरण घेऊ. समजा, जव्हारच्या एका व्यापाऱ्याने बांबूच्या वस्तू व वारली चित्रांची तबके विकण्यासाठी लारावेलवर संकेतस्थळ बांधून घेतले आहे. लारावेल हा पीएचपी भाषेतला तयार सांगाडा २०११ साली आला. त्याच मंडळींनी २०२३ च्या अखेरीस ‘पल्स’ हे मोफत साधन दिले. पल्स म्हणजे नाडी.

बसविण्याची रीत

आपल्या प्रोग्रामरकडून पुढील कामे क्रमाने करून घ्यावीत.

१) लारावेलची आवृत्ती १० किंवा त्यापुढची आहे याची खात्री करावी. डेटाबेस मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस असावा.

२) कंपोझरने पल्सचे पॅकेज घ्यावे, त्याच्या फायली प्रकाशित कराव्यात आणि मायग्रेशन चालवून तक्ते तयार करावेत.

३) पल्सचा फलक आरंभी फक्त प्रोग्रामरच्या संगणकावर उघडतो. चालू संकेतस्थळावर तो कोणी पाहावा, याची नावनिशीवार परवानगी ठरवून द्यावी. तो सर्वांना खुला ठेवणे म्हणजे खातेवही रस्त्यावर ठेवणे.

४) सर्व्हरची मेमरी व डिस्क पाहायची असेल तर त्यासाठीची वेगळी आज्ञा सतत चालू ठेवावी लागते. सर्व्हर बंद होऊन चालू झाला तरी ती आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था असावी.

५) एक सेकंदाहून जास्त लागलेले काम पल्स ‘मंद’ म्हणून नोंदवतो. पैसे भरण्याच्या पानासाठी ही मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणावी. नोंदी साधारण सात दिवस राहतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस नेमून फलक पाहावा.

फलक कसा वाचावा?

प्रथम मंद पाने व मंद क्वेरी पाहाव्यात. क्वेरी म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा. ती प्रोग्रामच्या कोणत्या फायलीतून निघाली, हेही पल्स दाखवतो. कित्येकदा दोष असा असतो : पन्नास ऑर्डरींची यादी एका विचारणेत येते, पण प्रत्येक ऑर्डरीच्या मालाचे नाव आणण्यासाठी पुन्हा एकेक विचारणा होते. एकूण एक्कावन्न! एक यादी देऊन सगळा माल आणण्याऐवजी नोकराने गोदामात पन्नास खेपा घालाव्यात, तसे हे झाले. अशी प्रत्येक विचारणा झटपट होते, म्हणून ती ‘मंद क्वेरी’त सापडत नाही, पान मात्र मंद दिसते. यावर मोठा सर्व्हर हा उपाय नव्हे. सगळी नावे एकदम मागवली की काम दोन विचारणांत होते.

नंतर बाहेरच्या सेवा पाहाव्यात : पैसे भरण्याची सेवा, एसएमएस, कुरिअर. समोरची सेवा अडकली तर लारावेल तीस सेकंदांपर्यंत वाट पाहतो. तेवढ्यात गिऱ्हाईक पुन्हा बटण दाबते आणि पैसे दोनदा कापले जाण्याचा धोका उभा राहतो. एसएमएससारखी कामे रांगेत टाकून मागाहून करावीत आणि एकाच ऑर्डरीचे पैसे दोनदा स्वीकारले जाणार नाहीत अशी तजवीज ठेवावी.

सरासरीच्या भरवशावर राहू नये

शंभर पाने उघडली. पंचाण्णव अर्ध्या सेकंदात आणि पाच बारा सेकंदांत. सरासरी निघते सुमारे एक सेकंद आणि मालक निश्चिंत होतो. पण ती पाच माणसे कोण? बहुधा जुनी, भरवशाची गिऱ्हाइके. ज्याचे खाते लांब, त्याच्या ऑर्डरींची यादी लांब आणि म्हणून त्याचेच पान मंद. म्हणजे सरासरीआड सर्वांत चांगले गिऱ्हाईक गमावले जाते. यासाठी सर्वांत मंद पाने आधी पाहावीत.

डोंगरावरचे गिऱ्हाईक

पल्स फक्त सर्व्हरच्या आतला वेळ मोजतो, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळला फिरायला आलेल्या पर्यटकाने तेथूनच मोबाईलवर तबक पाहायला घेतले, तर फलकावर अर्धा सेकंद दिसेल आणि पर्यटक मात्र अर्धा मिनिट वाट पाहील. डोंगराळ भागात रेंज कमी पडते. वेग सेकंदाला एक मेगाबिट धरला तर चार मेगाबाइटच्या छायाचित्राला बत्तीस सेकंद लागतात. तेच छायाचित्र दोनशे किलोबाइटचे केले तर दोन सेकंदही लागत नाहीत.

म्हणून दुसरे माप गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये घ्यावे. त्यासाठी गुगलचे ‘वेब व्हायटल्स’ हे मोफत साधन आहे. पानाचा मुख्य भाग दर चार भेटींपैकी निदान तीन भेटींत अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा त्याचा दंडक आहे. शहरातल्या कार्यालयात बसून, वायफायवर पान उघडून समाधान मानू नये.

खबरदारी

देखरेखीच्या नोंदींत गिऱ्हाइकाचा मोबाईल क्रमांक, ओटीपी किंवा पासवर्ड जाऊ देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवण्यास तर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना मनाईच केली आहे. ‘टेलिस्कोप’ हे लारावेलचे दुसरे साधन एकेका मागणीचा सगळा तपशील नोंदवते. ते प्रोग्रामरच्या संगणकावरच वापरणे बरे.

ज्यांचे संकेतस्थळ जँगोसारख्या दुसऱ्या सांगाड्यावर आहे, त्यांनी ‘ओपन टेलिमेट्री’ची माहिती घ्यावी. २०१९ साली सुरू झालेले हे मोफत साधन अनेक भाषांत चालते.

प्रोग्रामरने पुढच्या वेळी मोठा सर्व्हर मागितला तर आधी फलक दाखवायला सांगावे. वेळ सर्व्हर अपुरा पडल्याने जात असेल तर पैसे जरूर खर्च करावेत. तो गोदामाच्या खेपांत किंवा जड छायाचित्रांत जात असेल तर तेवढीच दुरुस्ती करून घ्यावी. वाचलेला पैसा मालात घालता येईल.