छाती दाबणारे हात दर दोन मिनिटांनी बदला

वस्तीतल्या एका घरी आम्ही पोहोचलो तेव्हा दहा-बारा मिनिटं उलटून गेली होती. पन्नाशीतले गृहस्थ बाजेवर पडलेले. धाकटा मुलगा बाजेशेजारी उभा राहून, वाकून त्यांची छाती दाबत होता. कोपरं वाकलेली, शर्ट घामाने चिंब. दारात सात-आठ जण नुसते उभे. आम्ही म्हटलं, "सरक, आम्ही घेतो." तो म्हणाला, "ताई, मी दमलो नाही."

ते गृहस्थ वाचले नाहीत. नाहीतर वाचलेच असते, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण त्या मुलाच्या कष्टात कसूर नव्हती. कसं बसावं आणि कधी सरकावं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढंच इथे सांगतो.

सीपीआर म्हणजे काय करायचं?

माणूस अचानक कोसळला, हाक मारून आणि खांदे हलवूनही प्रतिसाद देत नाही, श्वास नाही किंवा मधूनच आचके येतात, तर हृदय थांबलंय असं समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला लागायचं. दाबलं की रक्त मेंदूकडे ढकललं जातं, सोडलं की हृदय पुन्हा भरतं. काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते. शिकलेले लोक ३० वेळा दाबून २ श्वास देतात. शिकला नसाल तर नुसती छाती दाबत राहा. लहान मुलं आणि पाण्यात बुडालेली माणसं यांना मात्र तोंडाने श्वास देणंही गरजेचं असतं, ते प्रशिक्षणात शिकून घ्या.

बसायचं कसं?

आधी माणसाला बाजेवरून, गादीवरून खाली फरशीवर घ्या. बाज झोळते, गादी दबते आणि आपला जोर तिथेच मुरतो.

छातीला अगदी खेटून, दोन्ही गुडघे टेकून बसा. गुडघ्यांत खांद्याइतकं अंतर ठेवा. लांब बसलात तर दाब तिरपा जातो आणि कंबर लवकर भरते. साडी असेल तर पदर खोचून घ्या, निऱ्या थोड्या वर घ्या. इथे संकोच नको. कोसळलेली व्यक्ती बाई असली तरी छातीच्या मधोमधच दाबायचं. संकोचापायी हात आखडला तर जीव जातो.

एका तळव्याची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडाचा लावायचा नाही, कमरेतून पुढे झुकून अंगाचं वजन टाकायचं. म्हणूनच किरकोळ अंगाची बाईसुद्धा हे करू शकते. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हात उचलू नका, पण भारही ठेवू नका.

दमणं आपल्याला कळत नाही

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुतळ्यावर सलग पाच मिनिटं छाती दाबायला लावली. पहिल्या मिनिटाला सुमारे ९३ टक्के दाब बरोबर होते. तिसऱ्या मिनिटाला ३९ टक्के, पाचव्या मिनिटाला फक्त १८. वेग टिकून होता, म्हणून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटावं. आपला दाब कमी पडतोय हे दाबणाऱ्यांनाही ओळखता आलं नाही.

"मी दमलो नाही" हे त्या मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. हात दमले होते, मनाला ते कळलं नव्हतं. वॉर्डात आमचंही असंच व्हायचं. पेशंट आपला असला की हात सोडवत नाही.

म्हणून नियम घड्याळाचा. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, दमलेला असो वा नसो. कोपरं वाकू लागली, छाती पूर्ण वर येईना, तर त्याआधीच बदला.

बदलायचं कसं?

पुढचा माणूस समोरच्या बाजूला आधीच गुडघे टेकून तयार राहील. दाबणारा शेवटचे दहा आकडे मोठ्याने मोजेल. दहा म्हणताच एकाचे हात निघतील, दुसऱ्याचे बसतील. पाच सेकंदांच्या आत हे झालं पाहिजे, कारण हात थांबले की रक्तही थांबतं. तिसऱ्याने मोबाइलवर वेळ बघावी, चौथ्याने रस्त्यावर उभं राहून ॲम्ब्युलन्सला वाट दाखवावी. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवा आणि दाबत राहा.

आपल्या वस्तीत माणसांची वाण नाही. दारातल्या त्या सात-आठ जणांपैकी तिघे जरी खाली बसले असते, तर त्या मुलाला एकट्याला झुंजावं लागलं नसतं.

या रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात चौघं-पाच जणं जमा. फरशीवर घट्ट उशी ठेवा, मोबाइलवर दोन मिनिटं लावा आणि आळीपाळीने दाबून बघा. धडधाकट माणसाच्या छातीवर सराव कधीही करू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करून पुतळ्यावरचं प्रशिक्षणही घ्या. दुसऱ्याला जागा देणं म्हणजे हार मानणं नव्हे. तोही सीपीआरचाच भाग आहे.