युक्त निद्रा आणि अमर्याद खेळ

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील १६ व १७ या श्लोकांत भगवंतांनी आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण या पाचांना एकच मर्यादा घातली आहे. अति निजणाऱ्यास योग साधत नाही, तसा अति जागणाऱ्यासही साधत नाही. विहारात खेळ आलाच. म्हणून गीता खेळाचा निषेध करीत नाही, त्याच्या अतिरेकाचा करते.

आज हा अतिरेक मोबाईलवरील व्हिडिओ गेमच्या रूपाने घरोघर शिरला आहे. जबलपूरच्या सराफ्याचेच उदाहरण घ्यावे. तेथील व्यवहार गुंजेगुंजेचा. कोंदणात खडा बसविणाऱ्याचा हात कापला, वा पेढीवर वजन लिहिणाऱ्याचा एक आकडा चुकला, की हानी ठरलेली. असा तरुण रात्री दोन वाजेपर्यंत खेळत बसला, तर सकाळी त्याचा देह पेढीवर असतो, चित्त नसते. गिऱ्हाइकाने विश्वासाने सोपविलेले सोने त्या हाती असते. म्हणून हा केवळ आळस नव्हे, स्वकर्मातील प्रमाद होय.

निद्रा का उडते? डोळ्यांसमोरचा तेजस्वी प्रकाश, निद्रेची वेळ सुचविणाऱ्या मेलॅटोनिन या शरीरातील द्रव्याचे स्रवण लांबवितो. आणि जय-पराजयाच्या उत्तेजनाने मन शांत होत नाही. शिवाय बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवलेले असल्याने ‘आणखी एकच डाव’ ही इच्छा संपत नाही.

दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांची साखळी येथे प्रत्यक्ष दिसते. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, तीतून कामना. मोबाईल काढून घेताच क्रोध. पुढे मोह, स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश. आधुनिक वैद्यकानेही हे ओळखले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकृत झालेल्या व १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा खेळविकाराचा समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर कर्तव्यांहून खेळच श्रेष्ठ वाटणे आणि हानी दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. ती सामान्यतः बारा महिने टिकल्यास व जीवनव्यवहार बिघडल्यास विकार मानतात; क्वचित खेळणाऱ्यास रोगी म्हणू नये.

उपाय सहाव्या अध्यायाच्या ३५ व्या श्लोकातच आहे: अभ्यास आणि वैराग्य. खेळाची वेळ ठरवावी. निजण्यापूर्वी एक तास तो बंद करावा. मोबाईल शय्यागृहाबाहेर ठेवावा. हा नियम पित्यानेही पाळावा. कारण श्रेष्ठ जे आचरतात तेच इतर अनुसरतात, असे तिसरा अध्याय सांगतो. पुत्राचा अपमान करून मोबाईल हिसकावल्यास क्रोधच वाढेल. त्याला सायंकाळी मैदान, सोबत आणि घरात संभाषण मिळावे. एवढ्यानेही न भागल्यास वैद्याकडे जाण्यात लाज नसावी. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असणारे सुख राजस होय. ज्या गृहात रात्र निद्रेला आणि दिवस कर्तव्याला मिळतो, तेथे खेळही निर्दोष राहतो.